सटाण्याचं तिकीट

"कोठे जानं शे?"

तिकिटाच्या खिडकीतून हा प्रश्न आधी यायचा. मान वर करून माणसाचं तोंड बघायची आतल्याला सवय नव्हती, आणि बघायचं म्हटलं तरी दिसलं नसतं. खिडकीला लाकडी फळी होती आणि फळीला खालच्या बाजूला अर्ध्या भाकरीएवढं भोक. आत बसलेल्याला बाहेरचे फक्त हात दिसायचे. त्या हातांवरूनच तो सगळं गाव ओळखत होता. माझा हात आत गेला की म्हणायचा, "आक्का, हात धुईसन येत जा ना. तिकिटले मेथीना वास येस."

"मेथी विकणारीच्या हाताला काय अत्तराचा वास येणार?"

"तसं नाही. गाडीमा तपासनारा येईल, तिकीट हुंगीसन म्हनेल, हाई तिकीट शे का जुडी?"

मग दुसरा प्रश्न. "परत येनं शे का?"

रोज सकाळी तेच. मी रोज नाशिकरोडला पाटी रिकामी करून परत येत होते, हे त्याला माहीत होतं. तरी विचारायचा. कधी चिडून मी म्हणायची, "नाही, तिकडंच मरायला चालले." तो म्हणायचा, "मंग एकच देस," आणि परतीचंही द्यायचा. पुठ्ठ्याचं ते लहानसं तिकीट तारखेच्या यंत्रात घालायचा, खट्ट करून दाबायचा आणि भोकातून एका बोटानं पुढं सरकवायचा. हातात कधी दिलं नाही.

नाशिकरोडहून मनमाडकडं तुम्ही कधी गेला असाल, तर आमचं स्टेशन तुमच्या डोळ्यांखालून गेलं असेल, पण तुम्हाला कळलं नसेल. गाडी आता तिथं थांबत नाही. आधी बाभळी दिसतात, मग एक दगडी इमारत, मग लगेच द्राक्षाच्या बागा. एवढ्यात तुम्ही डब्यातल्या कोणाशी एक वाक्य बोललात तर स्टेशन संपलं.

त्या इमारतीच्या आत तो बसायचा. गाव त्याला मास्तर म्हणायचं. मीही तोंडावर मास्तरच म्हणायची आणि तुम्ही म्हणायची. पण तो माझ्याहून वयानं धाकटा, म्हणून इथं एकेरीत लिहिते. त्यात अपमान नाही.

खरा मास्तर तो नव्हताच.

आमच्या स्टेशनाची गोष्ट माझी सासू सांगायची, तिला तिच्या सासूनं सांगितलेली. लाईन टाकायला गोरा साहेब आला तेव्हा गावातले म्हातारे त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. गाडी गावाजवळून नेऊ नका म्हणाले, धुरानं गाईंचं दूध आटेल. साहेबानं ऐकलं. स्टेशन गेलं ओढ्यापलीकडच्या माळावर. पुढं म्हातारे गेले, त्यांच्या गाई गेल्या, आणि त्यांच्या सुना-नातसुना डोक्यावर पाट्या घेऊन तो माळ तुडवत त्यांना शिव्या देत राहिल्या. मीही भरपूर दिल्या.

मी लग्न होऊन आले ती त्याच स्टेशनात उतरले. तेव्हा गावापेक्षा स्टेशनात जास्त वर्दळ होती. काळं इंजिन थांबून टाकीचं पाणी प्यायचं. फलाटाच्या टोकाला मालाचा धक्का होता, तिथं कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागायच्या. मास्तर, झेंडी दाखवणारे, हमाल, सगळ्यांची बिऱ्हाडं होती, त्यांच्या बायका माझ्याकडून भाजी घ्यायच्या आणि जुडीतली एक काडी पिवळी निघाली तरी भांडायच्या. मग वाफेचं इंजिन गेलं आणि टाकी कोरडी पडली. कांदा ट्रकनं जायला लागला आणि धक्क्यावर गवत आलं. मालाची लाईन उपटून नेली. शेवटी खऱ्या मास्तरची बदली झाली आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. एवढं दगडी स्टेशन, ते कागदावर नुसतं हॉल्ट झालं. हॉल्ट म्हणजे गाडी थांबेल, पण तुमची वाट बघायला आमचा माणूस असणार नाही.

तिकीट विकायला गावातलाच कोणी नेमायचा होता. पगार नाही, खपलेल्या तिकिटावर कमिशन. गावात कोणालाच ते काम नको होतं. हा सटाण्याकडचा. कांद्याच्या एका व्यापाऱ्याबरोबर मापाडी म्हणून आला होता. धक्का बंद झाला, व्यापारी गेला, हमाल गेले, हा राहिला. का राहिला, कोणी विचारलं नाही. त्यानं खिडकी घेतली. खऱ्या मास्तरनं जाताना आपला जुना काळा कोट खुंटीवर सोडला होता, तोही त्यानंच घेतला. खांद्यात ढगळ होता. त्या कोटामुळंच लोक त्याला मास्तर म्हणायला लागले असतील.

बागलाणातली माणसं 'आहे'ला 'शे' म्हणतात. इतकी वर्षं आमच्यात काढून त्याची बोली अर्धी आमची झाली होती, अर्धी तिकडचीच राहिली होती. गावातली टवाळ पोरं त्याला 'शे मास्तर' म्हणायची.

एकदा मी विचारलं, "मास्तर, तुम्ही गावाला कधी जात नाही?"

"कसा जाऊ? मना गावनं तिकीटच नाही."

खरंच आहे. सटाण्याला रेल्वे नाही. तिकडं जायचं तर एस्टी. दिवसभर लोकांना गावोगावची तिकिटं देणाऱ्याच्या गावाचं तिकीट कुठल्याच खिडकीत मिळत नव्हतं. हे तो हसत सांगायचा. नवखा कोणी येऊन वणीचं तिकीट मागायचा, तर त्यालाही म्हणायचा, "देवी डोंगरवर शे, तिले रेल्वे लागत नाही. तुले बी नको. एस्टी पकड."

असा बोलका माणूस. आता खरं सांगते ते ऐका. हा माणूस खिडकीबाहेर बोलत नसे.

फळी लावून बाहेर आला की संपलं. आठवड्याच्या बाजारात वांग्यांकडं बोट दाखवायचा, बोटांनीच अर्धा किलो सांगायचा. बाहेरगावच्या एका भाजीवाल्यानं मला विचारलं, "मावशी, ह्यो मुका हाय का?"

"उद्या सकाळी स्टेशनावर ये," मी म्हटलं, "तुझे कान दुखतील."

माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाला आला होता. कोट घालून, केसांना तेल लावून. पंगतीत अगदी टोकाला बसला. वाढपी विचारायचे, वाढू का मास्तर, की हा ताटावर हात आडवा धरायचा. माझ्या व्याह्यांनी त्याला मोठ्या मानानं विचारलं, "तुम्ही रेल्वेत का?" ह्यानं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते व्याह्यांना कळलं नाही. जेवला, हात जोडले, गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात भोकात गेला मात्र.

"आक्का, लगीन चांगलं झायं. जिलबी मऊ व्हती तेवढी. नि नवरदेवना बाप पंगतमा फोनवर बोलत व्हता, ते मले काही पटनं नाही. पोर मात्र रडनी नाही, ते बेस झायं."

"आणि काल तोंडाला काय झालं होतं?"

मागं लोक ताटकळले होते.

"काल खिडकी नव्हती ना," तो म्हणाला. मग खट्ट.

लोक त्याच्या बोलीला हसायचे, म्हणून तो समोरासमोर बोलत नसेल, असं माझी मुलगी म्हणायची. असेल. पण हसल्यानं माणूस इतका मुका होतो का? मला हसणारे काय कमी होते? खरं काय ते मला माहीत नाही. लोकांच्या पोटात हात घालून बघायची मला सवय नाही.

स्टेशनामागं झेंडीवाल्याची जुनी खोली होती, तिथं तो एकटा राहायचा. माझं घर स्टेशनाकडं जायच्या वाटेवर, गावातलं शेवटचं. संध्याकाळची पॅसेंजर गेली की त्याच्या चुलीचा धूर दिसायचा. धूर दिसला म्हणजे आहे, एवढं मला कळायचं. त्यापुढं सकाळपर्यंत त्याला कोणी हाक मारणारं नव्हतं. मी तरी कुठं मारली? माझ्याही घरात तेव्हा मी एकटीच होते. मालक गेले होते, मुलगा नाशकात इंदिरानगरला बिऱ्हाड करून राहिला होता. पण मी निदान कोंबड्यांशी भांडायची.

मग एकदा एक साहेब आला, स्टेशन बघून गेला. लोकांकडं मोटारसायकली आल्या होत्या, काळीपिवळी जीप चौकातून सुटत होती, माळ तुडवत स्टेशनाला कोण जाणार? पाटीवाल्या आम्ही चारदोन बाया, दवाखान्याला जाणारे म्हातारे, एवढंच. साहेब म्हणाला, तिकिटं खपली नाहीत तर इथला थांबा जाईल.

त्या दिवसापासून खिडकीतून नवाच आवाज यायला लागला. "एक तिकीट घ्या ना. जायालेच पाहिजे असं कोठे शे?"

"मास्तर, गाडीत न बसता तिकीट? डोकं फिरलं का?"

"देवळातल्या पेटीमा पैसा टाकतोस, मंग काय देव तुना घर येस?"

कोणी हसून घ्यायचे, कोणी हसून जायचे. एकानं तिकीट घेतलं आणि मोटारसायकलला लिंबू-मिरचीच्या जागी बांधलं. मास्तरला ते सांगितलं तर तो खूश. "बांधू दे. रेल्वेनी नजर लागत नाही."

वरून हसायचा, पण माझ्या लक्षात आलं होतं. माझा हात भोकात असला की तो आता बोलणं लांबवायचा. माझी मेथी कशी उगवली, सुनेचं पटतं का, कोंबडीनं अंडी कुठं घातली. मागचे ओरडायचे. खिडकी गेली तर काय होणार, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

संक्रांत उद्यावर आली होती. आमच्या सरपंचबाई माझ्या ओट्यावर बसून वाणाला काय आणावं याची चिंता करत होत्या. तुम्हाला माहीतच आहे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या हातावर काहीतरी वाण ठेवायचं. आमच्याकडं दरवर्षी प्लास्टिकच्या वाट्या. घरोघरी इतक्या वाट्या झाल्या होत्या की कोंबड्यांना पाणी ठेवूनही उरत होत्या.

मी म्हटलं, "वाट्या पुरे झाल्या. तिकिटं वाटा."

"कसली?"

"रेल्वेची. पुढच्या स्टेशनाची. तेवढीच मास्तरची खिडकी राहील."

त्या हसल्या, पण बाई डोक्यानं चलाख. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः खिडकीवर गेल्या. मी मागंच होते. मास्तरनं हात बघितला, हिरव्या बांगड्यांचा, सोन्याच्या पाटल्यांचा, आणि आवाज एकदम मऊ केला. "कोठे जानं शे, बाई?" त्यांनी सांगितलं. किती हवी ते ऐकल्यावर आत काहीतरी पडलं. बहुतेक तो उठताना स्टूल पडलं असावं.

"परत येनं शे का?" त्यानं विचारलं.

"नाही हो मास्तर, वाणाला हवीत. जायचंय कोणाला?"

मग खट्ट, खट्ट, खट्ट. किती तरी वेळ. मला तो आवाज जात्यासारखा वाटला, चालू झाला की थांबू नये असा.

दुपारी सरपंचबाईंच्या घरी काळ्या साड्यांची ही गर्दी. मी गेले नव्हते. मला बोलावलं होतं, बाई नव्या विचारांच्या आहेत. पण कुंकू लावताना माझ्यासमोर कोणाचा हात अडखळलेला बघायला मला आवडत नाही. त्यामुळं आत काय झालं ते ऐकीव सांगते. तिळगूळ झाला, तिकिटं हातात आली, आणि माळ्यांची नवी सून म्हणाली, "आज्जी म्हणते वाण वाया घालवू नये. हे तर आजच्या तारखेचं आहे, रात्री फुकट जाईल."

झालं. वाण वाया घालवायचं पाप कोण घेणार? संध्याकाळच्या पॅसेंजरला अजून वेळ होता. मी ओट्यावर शेंगा फोडत होते, आणि माझ्यासमोरून सगळ्या सवाष्णी हातात तिकीट धरून, पदर खोचून, माळाकडं पळत निघाल्या. फलाट काळ्या साड्यांनी भरला. गाडीच्या मोटरमननं असं कधी बघितलं नसेल, त्यानं उगाच भोंगा वाजवला. बायका चढल्या, खिडक्यांतून हात हलवायला लागल्या. मास्तर खिडकी सोडून दारात आला होता. बोलला नाही. पण त्यानं हात वर केला, झेंडी धरल्यासारखा, आणि गाडी गेल्यावरही खाली घेतला नाही.

पुढच्या स्टेशनात उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की परतीचं तिकीट एकीकडंही नाही आणि पर्स घरी. एवढ्या बायकांत पैसा नाही! शेवटी सरपंचबाईंच्या नवऱ्याला फोन गेला आणि सगळं हळदीकुंकू ऊस वाहायच्या ट्रॉलीतून घरी आलं. गावात महिनाभर तोच विषय. पुरुष म्हणायचे, मास्तर सांगत नव्हता का? सांगत होता की. रोज सांगत होता. परत येनं शे का, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं नाशिकरोडचं तिकीट सरकवलं आणि मागून आणखी एक सरकवलं.

"हे कशाला?"

"आक्का, तुमनं वाण ऱ्हायनं."

"मास्तर, मला वाण नसतं. आणि वाण बायकांनी द्यायचं असतं."

"मी कोठे देस? खिडकी देस."

मी खिडकीच्या फळीवर मेथीची एक जुडी ठेवली. घेतल्याची परतफेड असावी. ते तिकीट मी देव्हाऱ्यात ठेवलं असं समजू नका. माझ्या घराच्या पुढच्या खिडकीची एक झडप सैल होती. लाईनीवरून मालगाडी गेली की खडखड वाजायची, डोकं उठायचं. तिकिटाचा पुठ्ठा चांगला जाड. चौकटीच्या फटीत ठोकून बसवला. झडप गप्प झाली.

एवढं सगळं केलं, त्याचा उपयोग झाला नाही. त्याच उन्हाळ्यात तो रोग आला आणि गाड्याच बंद झाल्या. नंतर सुरू झाल्या तेव्हा आमची पॅसेंजर नवा रंग लावून आली आणि फलाटावरची धूळ उडवत तशीच पुढं गेली. वर कोणी काय ठरवलं ते मला माहीत नाही. आम्ही अर्ज दिले, सरपंचबाई जाऊन भेटून आल्या. गाडी थांबली नाही.

तो तरी खिडकी उघडून बसायचा. मग एक दिवस माणसं आली, तारखेचं यंत्र घेऊन गेली, उरलेली तिकिटं घेऊन गेली, आणि खिडकीवर पत्रा ठोकून गेली.

त्यानंतर तो फलाटावरच्या बाकावर बसायचा, लाईनीकडं तोंड करून. मी सरपण गोळा करायला तिकडं जायची. "मास्तर, जेवलात का?" मान हलायची. "बरं वाटतंय ना?" मान हलायची. आधी तोंडातली भाषा जाते, मग अन्न जात नाही. कोट त्याला आणखी ढगळ झाला. एक दिवस त्याच्या चुलीचा धूर दिसला नाही. मी गेले. खोलीत बसला होता, पीठ समोर, परात समोर. तब्येतीला काही नव्हतं. नुसता उठला नव्हता.

मी म्हटलं, "मास्तर, माझे गुडघे गेलेत. पाटी सुटली. घरच्या खिडकीतून भाजी विकते, पण दर माणसाला उठबस होत नाही. उद्यापासून तुम्ही बसा."

आला. बसला. माझी खिडकी मोठी, रस्त्यावरचा माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत दिसतो. बायका आल्या, मास्तर, मेथी द्या म्हणाल्या. हा मेथी द्यायचा आणि खाली बघायचा. दिवसभर शब्द नाही. संध्याकाळी गेला. मला वाटलं आता उद्या येत नाही.

रात्री पडल्या पडल्या माझ्या डोक्यात आलं. सकाळी उठून खिडकीच्या वरच्या भागाला गोणपाट ठोकलं. खाली फक्त फट ठेवली, हात जाईल आणि जुडी येईल एवढी.

तो आला, गोणपाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मागं जाऊन बसला. थोड्या वेळानं फटीतून एक हात आत आला. मी चुलीपाशी होते.

"कोठे जानं शे?"

बाहेर कोणीतरी ओरडलं, "अगं बाई! मास्तर बोलले!"

"हात वळखी येस मना. पाटलांनी थोरली ना तू? तुना नखाले कुंकू शे, म्हंजे आज शुक्रवार. कोथिंबीर का मेथी?"

त्या दिवशी माझी भाजी दुपारच्या आतच संपली. दुसऱ्या दिवशी लोक भाजी नको असली तरी यायला लागले. "नाशिकरोड एक द्या, मास्तर." "नाशिकरोडनी गाडी गई. शेपू शे, चालीन का?" मी आत मेथी निवडत ऐकायची. माझ्या घरात इतकं बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं.

गाव बोलणारच. एक जाऊबाई येऊन म्हणाल्या, "आक्का, म्हातारपणी पुरुष घरात आणलास म्हणे."

"आणला. भाजी विकायला. तुझ्या घरात आहे तो काय करतो?"

मुलाचा इंदिरानगरहून फोन आला. "आई, लोक काय म्हणत असतील?"

"लोक कोथिंबीर मागतात," मी म्हटलं.

संध्याकाळी तो आपल्या खोलीवर जायचा. माझ्याशीही खिडकीतूनच बोलायचा, म्हणजे तो खिडकीकडं तोंड करून बोलायचा आणि मी त्याच्या पाठीमागून उत्तर द्यायची. तोंडं दोघांची दोन दिशांना. आमचं चांगलं चाललं होतं.

मग आणखी एक लाईन टाकायची म्हणून मोजणारे आले. पहिल्या मोजणीला म्हाताऱ्यांनी हात तरी जोडले होते. ह्या वेळी कोणी विचारलं नाही. स्टेशनामागच्या खोल्या पाडायच्या ठरल्या. त्याची खोली त्यांत होती.

सटाण्याहून भाचा आला, गाडी घेऊन. चांगला पोरगा, पाया पडला. मास्तर आपलं सामान बांधायला खोलीवर गेला होता. भाचा मला म्हणाला, "मावशी, मामा एक शब्द बोलत नाहीत. इथं बोलायचे का?"

"खिडकी असली की बोलतात. तुमच्या घराला खिडकी आहे का?"

"आहेत ना. मोठ्या, सरकत्या काचांच्या."

"काचेचं काम नाही ते. गोणपाट लावावं लागेल."

पोरगा माझ्याकडं बघत राहिला. म्हातारीचं फिरलंय, असं त्याला वाटलं असेल. मी त्याला भोक केवढं ठेवायचं ते हातानं दाखवलं. तो हो हो म्हणाला. लावणार नाही, हे दिसत होतं.

माझी मागची खोली रिकामी होती. अजून आहे. राहा म्हणायचं तर समोर उभं राहून म्हणायला हवं होतं, आणि समोर उभं राहून त्याच्याकडून उत्तर येणार नव्हतं. शिवाय राहा म्हणायची मलाही सवय नाही. माझ्या घरातून आजवर जे गेले त्यांना मी नीट जा म्हटलं आहे.

मी खिडकीपाशी जाऊन बसले, गिऱ्हाईक आलं तर असावं म्हणून. थोड्या वेळानं फटीतून एक हात आत आला. रिकामा. स्टेशनाच्या भोकातून त्याचं फक्त एक बोट मी वर्षानुवर्षं बघितलं होतं, तिकीट सरकवणारं. त्यावरून ओळखला. आणि काळ्या कोटाची बाही होती.

मी काय बोलणार? जे इतकी वर्षं ऐकलं तेच तोंडात आलं.

"कोठे जानं शे?"

मला वाटलं आता मान हलवेल, ती मला दिसणारही नाही.

"सटाणे," तो म्हणाला.

"सटाण्याचं तिकीट नाही."

"माहीत शे, आक्का."

गाडीचा हॉर्न वाजला. भाचा घाईत होता. हात तसाच फळीवर.

"परत येनं शे का?" मी विचारलं.

हॉर्न पुन्हा वाजला. हातानं फळीवरची मेथीची एक काडी उचलली, परत ठेवली. उत्तर आलं नाही. खोटं बोलायचं असतं तर तो बोलला असता, मधे खिडकी होतीच.

मी झडपेच्या फटीतून ते तिकीट उपटलं. इतकी वर्षं दाबून बसलेलं, मधे वाकलं होतं. फळीवर ठेवलं आणि एका बोटानं पुढं सरकवलं. हातानं ते घेतलं आणि हात बाहेर गेला.

मी उठून बघायला गेले नाही. गुडघे आहेत, आणि तेवढ्यात कोणीतरी शेपू मागायला आलं.

आता खिडकीपाशी मीच बसते. गोणपाट काढलेलं नाही. आत हात येतात, मला त्यांतले फारसे ओळखू येत नाहीत, मी भाजी देते. मालगाडी गेली की झडप खडखडते. दुसरा पुठ्ठा घालायला पाहिजे. घालीन कधीतरी.